एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि सीएमव्ही : बडोद्यात पूर्ण केलेल्या पीएच.डी.चा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये हाती घेतलेले काम पूर्ण झाले. विषय होता एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये लपून राहिलेला हिपॅटायटिस-बी आणि त्यांच्यातलाच सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही. प्रयोग कसे करायचे हे पुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून शिकता आले. पण परवानग्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, पैसे कधी हातात पडतात, लस केव्हा टोचून घ्यायची, रुग्णासमोर बसल्यावर काय बोलायचे, हे मला कुठेही एका जागी लिहिलेले सापडले नाही. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधनाची आणि १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. बडोद्यात मात्र असे काम करू पाहणाऱ्याला विद्यापीठाचा एक विभाग, वैद्यकीय महाविद्यालयातले मार्गदर्शक आणि सरकारी रुग्णालयातले एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र, यांची मोट स्वतःच बांधावी लागते. या वाटेने येणाऱ्यांना थोडा आधार व्हावा म्हणून हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला एक जुने कारण आहे. २००९ च्या सुरुवातीला साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस-बीची साथ आली होती. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. मी तेव्हा दहावीत होते. घरी रोज वर्तमानपत्र वाचून दाखवणारे आजोबा त्या बातम्यांपाशी थांबत आणि म्हणत, "दुखणं बरं करायला गेलेल्या माणसाला दुखणं दिलं." ज्या विषाणूवर १९८०च्या दशकापासून उत्तम लस उपलब्ध आहे, त्याने माणसे मरावीत ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना कळले की हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्ही एकाच मार्गांनी पसरतात, त्यामुळे ते एकाच शरीरात भेटण्याची शक्यता मोठी असते, आणि दोन्ही बरोबर असतील तर यकृताची हानी लवकर होते.

डिसेंबर २०१६ च्या सीएसआयआर-नेट परीक्षेतून मला कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली. त्या परीक्षेबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच सांगते की लाइफ सायन्सेसच्या पेपरात २०० पैकी १०० गुण तिसऱ्या भागाचे असतात आणि तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. छात्रवृत्तीच्या पत्राला मुदत असते. त्या मुदतीत पीएच.डी.ला प्रवेश आणि रुजू अहवाल या दोन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. म्हणून गाईड शोधण्याचे काम निकाल लागल्याच्या आठवड्यातच सुरू करावे.

ऑगस्ट २०१७ मध्ये रुजू झाले त्या दिवशी गाईडमॅडमनी विषयाबद्दल एक शब्दही न काढता विचारले, "हिपॅटायटिस-बीची लस झाली आहे का?" माझी झाली नव्हती. माझ्या वयाच्या अनेकांची झालेली नसते, कारण ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर यायला २०११ उजाडले. मॅडमनी त्याच दुपारी पहिला डोस घ्यायला पाठवले. दुसरा डोस एका महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्याला, म्हणजे फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला. त्यानंतर मार्चमध्ये प्रतिपिंडांची तपासणी केली. मिलिलिटरला किमान १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके इतकी पातळी आल्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवेपर्यंत त्यांनी मला रुग्णाच्या रक्ताच्या एकाही नळीला हात लावू दिला नाही.

यामागचा हिशोब प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने समजून घ्यावा. दूषित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस-बीची लस न घेतलेल्या माणसाला तोच धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. सगळे घाबरतात एचआयव्हीला, आणि प्रयोगशाळेत जास्त सहज लागतो तो हिपॅटायटिस-बी. एचआयव्हीसाठी लस नाही, परंतु संपर्क झाल्यास शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यायची असतात. त्या औषधांचा पहिला डोस रात्री किंवा रविवारी कुठे मिळतो, कोणत्या खिडकीवर आणि कोणाला फोन करून, हे काम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन पाहून यावे. आमच्या प्रयोगशाळेच्या दारामागे तो फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला होता.

घरी हा विषय सांगणे मला सोपे गेले नाही. आम्ही दांडिया बाजारात राहतो, वाड्यातली बिऱ्हाडे एकमेकांच्या घरात काय शिजते हे जाणून असतात. आईने बाहेर "सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते" असे सांगायला सुरुवात केली आणि एचआयव्ही हा शब्द टाळला. तिची भीती माझ्या तब्येतीची होती आणि माझ्या लग्नाचीही. मी तिला एका सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत नेले, बायोसेफ्टी कॅबिनेट दाखवले, दोन थरांचे हातमोजे, समोरून बंद असलेला गाऊन, एक टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा डबा, सारे दाखवले. विषाणू हवेतून उडून येत नाही आणि माझ्या कपड्यांवर बसून घरी येत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर तिने आत्याला फोनवर पूर्ण नावासकट विषय सांगितला. घरच्यांना एकदा जागा दाखवावी, हा माझा प्रत्येकाला सल्ला आहे.

कोर्सवर्क, सहा महिन्यांनी होणाऱ्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठका आणि प्रस्तावाचे लेखन हे पहिल्या वर्षात चालू असते. प्रस्तावात विषय नेमका करावा लागला. सीएमव्ही हा हर्पीस कुळातला विषाणू. या कुळातले नऊ विषाणू माणसाला होतात. कांजिण्या आणि नागीण, ओठावर येणाऱ्या फोडांचा विषाणू, एपस्टीन-बार, हे सगळे त्यातले. एकदा शरीरात शिरला की त्यांपैकी कोणताही आयुष्यभर बाहेर जात नाही. पेशीत सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती खचली की जागा होतो. आपल्याकडच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात सीएमव्हीची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे प्रतिपिंडांची चाचणी काहीच सांगत नाही. विषाणूचा डीएनए रक्तात किती आहे, तेच मोजावे लागते. ज्यांच्या सीडी-४ पेशींचे, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचे, प्रमाण ५० च्या खाली गेले आहे अशा रुग्णांत हा विषाणू डोळ्याच्या पडद्याला इजा करून दृष्टी घालवू शकतो. हिपॅटायटिस-बीबाबत प्रश्न वेगळा होता. विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन शोधणारी नेहमीची एचबीएस-एजी चाचणी निगेटिव्ह, आणि तरी रक्तात किंवा यकृतात विषाणूचा डीएनए आहे, अशा 'लपलेल्या' संसर्गाचा शोध मला घ्यायचा होता. एक विषाणू सुप्त राहतो आणि दुसरा चाचणीला सापडत नाही. दोघांनाही आधार मिळतो तो एचआयव्हीने पोखरलेल्या प्रतिकारशक्तीचा. या दुव्यावर प्रबंध उभा राहिला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एथिक्स समितीकडे अर्ज केला. जानेवारी २०१८ मध्ये बैठक झाली आणि प्रश्नांची यादी हातात आली. मला त्या वेळी रडू आले होते, हे मान्य करते. पण आज ती यादी वाचताना वाटते की माझ्या प्रबंधाला आकार देणारे पहिले परीक्षक ती समितीच होती. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, तुमच्या तपासणीत एखाद्या रुग्णाला हिपॅटायटिस-बी निघाला, तर त्याला ते कोण सांगणार आणि उपचार कोण करणार? माझ्या अर्जात त्याचे उत्तर नव्हते, कारण मी फक्त आकडेवारीचा विचार केला होता. दुसरा प्रश्न रक्ताबद्दल होता. सीडी-४ साठी रक्त घेतले जातेच, मग वेगळी सुई कशाला? तिसरी अट संमतिपत्राची होती. ते गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत हवे आणि गुजराती मजकुराचे दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून ते मूळ मजकुराशी जुळते हे दाखवायला हवे. गुजराती मसुदा मी स्वतः लिहिला, कारण बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांची शाळेची भाषा बहुधा तीच असते; परंतु तपासून घेण्यासाठी मॅडमनी एका निवृत्त शिक्षिकेकडे पाठवले. त्यांनी वाक्ये निम्म्याहून लहान केली. एप्रिल २०१८ मध्ये मंजुरीचे पत्र मिळाले.

इथे एक व्यावहारिक सूचना करते. समितीच्या बैठका ठरावीक अंतराने होतात, आणि अर्ज बैठकीच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. म्हणून बैठकीची तारीख विचारून त्याआधीचा शेवटचा दिवस डायरीत लिहून ठेवावा. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा अर्जही त्याच सुमारास द्यावा, एकाची मंजुरी येईपर्यंत दुसऱ्यासाठी थांबू नये. रक्ताच्या नमुन्यांवर तपासण्या करायला दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा पुरते. जिवंत एचआयव्हीची पेशींमध्ये वाढ करायची असेल तर तिसऱ्या स्तराची प्रयोगशाळा लागते, जी सहज उपलब्ध नसते. माझ्या प्रस्तावात विषाणूची वाढ करण्याचा भाग नव्हता, म्हणून हे काम बडोद्यात शक्य झाले.

सर्वांत मोठी प्रतीक्षा पुढे होती. एआरटी केंद्रातल्या रुग्णांवर संशोधन करायचे तर राज्य एड्स नियंत्रण संस्थेची परवानगी लागते. विभागप्रमुखांचे पत्र, एथिक्स समितीची मंजुरी, प्रस्तावाचा सारांश, माहिती कशी सुरक्षित ठेवणार याचे निवेदन, असा गठ्ठा पाठवला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मधल्या काळात, १० सप्टेंबर २०१८ पासून, एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा देशभर लागू झाला. त्यानुसार एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तिच्यावर संशोधन करता येत नाही आणि तिची ओळख उघड करणे हा कायद्याचा भंग ठरतो. आम्ही संमतिपत्रात त्याप्रमाणे दुरुस्ती केली आणि दुरुस्त प्रत पुन्हा एथिक्स समितीपुढे ठेवली. परवानगी वर्षाच्या अखेरीस आली. या काळात मी रिकामी बसले नव्हते. निगेटिव्ह नमुने आणि बाजारात मिळणारे प्रमाणित डीएनए वापरून पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती करून तो शोधण्याच्या, पद्धती बसवून घेतल्या, आणि प्रत्यक्ष नमुने आले तेव्हा त्याचा फायदा झाला.

पैशांविषयी लपवण्यासारखे काही नाही, म्हणून आकडे लिहिते. रुजू झाले तेव्हा छात्रवृत्ती महिना २५,००० रुपये होती. जानेवारी २०१९ पासून ती ३१,००० झाली आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ छात्रवृत्ती मिळाल्यावर ३५,००० झाली. वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. ही रक्कम कशी मिळते हे अधिक महत्त्वाचे आहे. ती महिन्याच्या महिन्याला येईल हे गृहीत धरू नये; माझी कधी कधी कित्येक महिन्यांनी एकदम जमा झाली. मी घरी राहत होते, भाडे नव्हते, म्हणून निभावले. बाहेरगावाहून आलेल्या माझ्या सहाध्यायीला घरून पैसे मागवावे लागत. बँकेत किमान सहा महिन्यांचा खर्च निघेल इतके पैसे बाजूला ठेवता आले तर ठेवावेत. एलायझाच्या, म्हणजे प्रतिपिंडे किंवा विषाणूची प्रथिने शोधणाऱ्या चाचणीच्या, एका किटमध्ये ९६ खळगे असतात, कंट्रोल वजा जाता त्यात नव्वदच्या आसपास नमुने होतात. किट उघडल्यावर मुदत धावू लागते, म्हणून पुरेसे नमुने साठल्याशिवाय ते उघडायचे नसते. खरेदी विभागाचा नियम असा की तीन दरपत्रके हवीत. ती मागवायला मार्चची वाट पाहू नये, कारण आर्थिक वर्षाच्या शेवटी सगळ्यांचेच कागद एका टेबलावर येतात. एकदा एका पुरवठादाराने पाठवलेले एन्झाइम कोरड्या बर्फाविना, खोक्यात कोमट होऊन आले. खोके उघडताना तापमानाचा आणि पाकिटाचा फोटो काढला होता, म्हणून ते बदलून मिळाले. तेव्हापासून मी प्रत्येक खोके फोटो काढूनच उघडत असे.

उत्तरायणानंतरच्या आठवड्यात, जानेवारी २०१९ मध्ये, नमुने गोळा करायला सुरुवात झाली. केंद्रात सकाळी आठच्या आधी पोहोचावे लागे. पादरा, डभोई, छोटा उदेपूर इथून माणसे पहिल्या एसटीने येत. काहींची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असे. समितीच्या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मला त्या रांगेत कळले. सीडी-४ साठी सुई टोचली जाईल त्याच वेळी जांभळ्या टोपणाची एक नळी अधिक भरायची, रुग्णाला वेगळे थांबवायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. समुपदेशक बेन आधी माझी ओळख करून देत, मग मी संमतिपत्र वाचून दाखवत असे.

एक बाई मला आठवतात. चाळिशीच्या, हातात औषधांची कापडी पिशवी. सगळे शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "बेन, आमां मारुं नाम तो नहीं आवे ने?" मी त्यांना नळी दाखवली. तिच्यावर फक्त अक्षर आणि आकडा होता. कोणता आकडा कोणाचा, याची वही समुपदेशक बेनच्या कुलपात राहणार होती, माझ्याकडे नाही. त्यांनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, संमतिपत्राची घडी घातली आणि नको म्हणाल्या. मी आभार मानले. त्यांच्या उपचारात काही फरक पडणार नाही हे पुन्हा सांगितले आणि पुढच्या व्यक्तीकडे वळले. पुढे दर महिन्याला त्या औषध घ्यायला आल्या की मला हाक मारून "केम छो" विचारत. ज्याने नकार दिला त्याच्याशी आपण कसे वागतो, हे रांगेतले बाकीचे पाहत असतात. कितीतरी जणांनी त्यानंतर संमती दिली, असे मला खात्रीने वाटते.

दुपारी नमुने प्रयोगशाळेत आणून त्याच दिवशी प्लाझ्मा वेगळा करायचा, छोट्या छोट्या भागांत विभागून उणे ८० अंशाला ठेवायचा, असा क्रम होता. एक नमुना पुन्हा पुन्हा वितळवला तर त्यातले विषाणूचे जनुकीय द्रव्य खराब होते, म्हणून छोटे भाग करायचे. एका दुपारी सेंट्रिफ्यूज फिरत असताना आतून तडकल्याचा आवाज आला. अशा वेळी हात आपोआप झाकणाकडे जातो. मॅडमनी आम्हांला हेच घोटवून घेतले होते की यंत्र बंद करायचे, झाकण उघडायचे नाही, खोलीतल्या सगळ्यांनी बाहेर जायचे आणि अर्धा तास कोणीही आत यायचे नाही, कारण हवेत उडालेले सूक्ष्म थेंब खाली बसायला तेवढा वेळ लागतो. नंतर पूर्ण संरक्षक पोशाखात आत जाऊन काचेचे तुकडे चिमट्याने उचलले. हायपोक्लोराइटने धातूचा रोटर गंजतो, म्हणून तो वेगळ्या जंतुनाशकाने पुसला. रजिस्टरमध्ये नोंद केली. कोणाला इजा झाली नाही. त्या अर्ध्या तासात व्हरांड्यात उभे असताना आम्ही कोणीच फारसे बोललो नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ठरवलेल्या संख्येपैकी बरेच नमुने हातात होते, पण सगळे नव्हते. एआरटी केंद्रांनी रुग्णांना एकदम अनेक महिन्यांची औषधे देण्यास सुरुवात केली. रुग्णांच्या दृष्टीने तेच योग्य होते, आणि माझ्यासाठी त्याचा अर्थ रांग संपली असा होता. माझी खरी काळजी डीप फ्रीझरची होती. मे महिन्यातले बडोदे, वीज गेली तर जनरेटर सुरू करणारा माणूस हवा, आणि संस्था जवळजवळ बंद. सुरक्षारक्षक काकांना मी तापमानाचा आकडा कसा वाचायचा ते दाखवले होते. ते दिवसातून दोनदा त्याचा फोटो पाठवत. नमुने टिकले ते त्यांच्यामुळे, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव मॅडमच्या नावानंतर लगेच आहे.

पीसीआर येणारी माणसे त्या काळात हवीच होती. मी काही महिने कोविडच्या तपासण्या करण्यासाठी स्वयंसेवक म्हणून काम केले. परतल्यावर संख्याशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने नमुन्यांची संख्या पुन्हा ठरवली आणि ती दुरुस्ती एथिक्स समितीकडून मंजूर करून घेतली. संशोधनाच्या मध्ये असा बदल झाला तर तो आधी मंजूर करून घ्यावा, नंतर नव्हे. प्रबंधाच्या परीक्षकांनी मला हीच तारीख विचारली होती.

२०२१ हे वर्ष माझ्या कामातले सर्वांत आनंदाचे होते. हिपॅटायटिस-बीचा जीनोम लहान आहे, जेमतेम ३,२०० आधारघटकांचा. त्यातला पॉलिमरेज जनुकाचा तुकडा वाढवून, शुद्ध करून क्रमवाचनासाठी, म्हणजे त्यातली डीएनएची अक्षरे वाचून घेण्यासाठी, बाहेर पाठवला. निकाल चार रंगांच्या लाटांच्या आलेखात येतो. २०४ क्रमांकाच्या जागी विषाणूच्या मूळ रूपात एटीजी ही तीन अक्षरे असतात. एका नमुन्यात तिथे जीटीजी दिसले. पहिल्याच अक्षरावरची लाट स्पष्ट आणि एकाच रंगाची होती. मी दुसऱ्या दिशेने वाचलेला क्रम उघडला, तिथेही तेच. याचा अर्थ त्या विषाणूने लॅमिव्हुडीन या औषधाला दाद न देण्याची क्षमता मिळवली होती. रुग्णाच्या जुन्या उपचारात झिडोव्हुडीन आणि लॅमिव्हुडीन होते, टेनोफोव्हिर नव्हते. हिपॅटायटिस-बीविरुद्ध त्या गोळ्यांतले एकटे लॅमिव्हुडीनच काम करत होते, आणि एकट्या औषधासमोर हा विषाणू बदलतो.

समितीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता कागदावरून प्रत्यक्षात आले. मी सांकेतिक क्रमांकासह अहवाल केंद्रातल्या डॉक्टरांना दिला, त्यांनी समुपदेशक बेनकडून क्रमांकाची ओळख पटवली. राष्ट्रीय कार्यक्रमात तोपर्यंत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी आली होती आणि जुन्या रुग्णांनाही तिच्यावर आणले जात होते. लॅमिव्हुडीनला न जुमानणाऱ्या हिपॅटायटिस-बीवर टेनोफोव्हिर चालते. डॉक्टरांनी त्या रुग्णाच्या कार्डावर ठळकपणे लिहिले की पुढे एचआयव्हीचे औषध बदलावे लागले तरी टेनोफोव्हिर बंद करू नये, कारण ते अचानक थांबवल्यास यकृताचा दाह उसळू शकतो. तो रुग्ण कोण होता हे मला आजही माहीत नाही. सीएमव्हीचे प्रमाण जास्त आढळलेल्या, सीडी-४ कमी असलेल्या रुग्णांना याच मार्गाने नेत्रविभागात पाठवले गेले.

माझी छात्रवृत्ती पाच वर्षे पूर्ण होऊन ऑगस्ट २०२२ मध्ये थांबली, आणि प्रबंध मात्र अपुरा होता. या महिन्यांची तरतूद आधीच करावी. मी संध्याकाळी बी.एस्सी.च्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. माझ्या नोंदणीला लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि दोन परिषदांत सादरीकरण होणे आवश्यक होते. पहिल्या नियतकालिकाने निबंध नाकारला, दुसऱ्याने दोन फेऱ्यांनंतर स्वीकारला. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांत लेखकाला सहसा पैसे द्यावे लागत नाहीत. "आठवड्यात छापू" असे सांगून शुल्क मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नये.

प्रबंधातला मजकूर इतरत्र किती जुळतो याची तपासणी २०१८ च्या नियमांनुसार होते आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. माझ्या पद्धतींच्या प्रकरणात साम्य जास्त निघाले, कारण पीसीआरची कृती सगळेच सारख्या शब्दांत लिहितात. ते प्रकरण स्वतःच्या नोंदवहीवरून, प्रत्यक्ष केले तसे, पुन्हा लिहिल्यावर आकडा खाली आला. एप्रिल २०२३ मध्ये प्रबंध सादर केला. आधी साध्या बांधणीच्या प्रती द्याव्यात. पक्की बांधणी मौखिक परीक्षेनंतर, दुरुस्त्या झाल्यावर करायची असते. छपाई आणि बांधणी मिळून मला साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. परीक्षकांचे अहवाल यायला वर्षअखेर झाली. त्या काळात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नम्रपणे, दर पंधरवड्याला चौकशी करत राहावे.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वाधिक वेळ एका प्रश्नावर दिला. आपल्या रक्तपेढ्यांमध्ये एचबीएस-एजीची चाचणी सक्तीची आहे, विषाणूच्या डीएनएची सक्ती नाही. मग तुमच्या निष्कर्षांवरून तुम्ही काय सुचवाल? मी सांगितले की माझा अभ्यास एचआयव्हीबाधितांपुरता आहे, निरोगी रक्तदात्यांविषयी त्यावरून विधान करणे योग्य होणार नाही. मात्र एआरटी सुरू करताना किंवा बदलताना हिपॅटायटिस-बीची स्थिती पाहावी, एवढे ठामपणे म्हणता येते. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आकृतीकडे वळले. आई-बाबा मागच्या रांगेत बसले होते.

परीक्षा झाली तरी कागद संपत नाहीत. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी अंतिम प्रत, ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र, अधिसूचना आणि मग तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, असा क्रम असतो. एथिक्स समितीला समाप्ती अहवाल द्यावा लागतो. आमच्या संमतिपत्रात उरलेले नमुने अभ्यास संपल्यावर नष्ट केले जातील असे लिहिले होते, त्यामुळे ते ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, नियमाप्रमाणे जैववैद्यकीय कचऱ्यात दिले आणि नोंदवहीवर दोघांच्या सह्या घेतल्या. संमतिपत्रे आणि नोंदी किमान तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. त्या विभागाच्या कपाटात आहेत, समुपदेशक बेनची वही त्यांच्याकडे. समितीचे समाप्तीपत्र जून २०२४ मध्ये आले. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत शोधनिबंधांच्या आधी माझ्याकडे याच पत्राची प्रत मागण्यात आली, म्हणून ते पदवी प्रमाणपत्रासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावे.